ती माहेरी आहे

५ फेब्रुवारी, दुपार

भिंगरे,

पत्र लिहितेय म्हणजे आई नमली, असा अर्थ काढू नकोस. मी नमलेले नाही. मला फक्त एक गोष्ट सांगायची आहे आणि ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

आज मी तुमच्या हॉटेलात जेवून आले.

शेजारच्या शिवणवाल्या वहिनींनी पत्ता दिला. "तुमच्या जावयाचं ग्रीक हॉटेल पाहिलं हो, निळ्या दाराचं," म्हणाल्या. मी म्हटलं, मला जावई नाही. त्यावर त्यांनी सुई दातात धरली आणि गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याचाच मला राग आला. दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून मी तिथे गेले.

तू मला पाहशील, मग काय करायचं, हे बसमध्ये सगळं ठरवून ठेवलं होतं. "जेवायला आलेय, गिऱ्हाईक आहे," एवढंच बोलायचं होतं. पण काउंटरवर लाल चष्म्याची एक बाई होती. तू नव्हतीस. आत असशील, नाहीतर संध्याकाळच्या पाळीला येत असशील. मी विचारलं नाही.

आठ टेबलं, सगळीकडे निळं आणि पांढरं. मला वाटलं एखाद्या दातांच्या दवाखान्यात आले. खुर्ची डुगडुगत होती, मी खाली कागदाची घडी सरकवली. मेनूतलं काही कळेना तेव्हा लाल चष्म्यानेच सांगितलं, "मुसाका घ्या. खाली वांग्याचे काप, मध्ये खिमा, वर पांढऱ्या सॉसचा जाड थर, आणि सगळं भट्टीत भाजलेलं." मी म्हटलं, आणा. मनात म्हटलं, आता बघतेच तुझ्या या खलाशाचं वांगं.

आता खरं सांगते. ताट चाटूनपुसून संपवलं. वांगं जिभेवर ठेवलं आणि विरघळलं. दालचिनीचा वास असा, की नेमका कुठून येतोय ते कळू नये. शेवटचा घास घेताना मला राग येत होता. ज्या माणसाला मी तीन वर्षं नावं ठेवली, त्याच्या हातचं इतकं चांगलं असायचं काही कारण नव्हतं.

तो एकदा बाहेर आला होता, पाव ठेवायला. फोटोतल्यापेक्षा बारीक झालाय. हातावरच्या शिरा दोरीसारख्या. एकतीस वर्षं हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढलं मी, माणसाच्या तोंडाआधी माझं लक्ष शिरांकडे जातं. त्याने मला ओळखलं नाही. तुझ्याकडे माझा फोटो असलाच तर तो लांब वेणीचा. मी गेल्या वर्षी केस कापून टाकले, आणि ते सगळे पांढरे झालेत.

तू ठीक असशील. हॉटेल चाललंय म्हणजे ठीकच असणार. ऑगस्टमध्ये एकदा दुपारी बेल वाजली होती, तेव्हा मी झोपले होते. उठेपर्यंत कुणी नव्हतं. कुरियरवाला असेल. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

हे पत्र टाकायचं की नाही, ते अजून ठरवलं नाही.

आई

२० फेब्रुवारी

भिंगरे,

अक्षर वाकडं आलंय, समजून घे. चप्पलसुद्धा न काढता लिहायला बसलेय. 

आज परत गेले होते. मुसाकासाठीच गेले होते, उगाच दुसरं कारण कशाला सांगू.

पण आजचं जेवण म्हणजे शिक्षा होती. मुसाका संपला होता म्हणून लिंबाचं सूप मागवलं. ते फाटलेलं. पिवळ्या पाण्यात अंड्याच्या गुठळ्या तरंगतायत. मटण इतकं वातड, की मी घास रुमालात गुंडाळला. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने ताट ढकललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागच्या महिन्यात मी इथे बायकोला घेऊन आलो होतो, शपथेवर सांगतो, असं जेवण जन्मात जेवलो नव्हतो. आणि आज हे! माणूस तोच आहे का आत?" लाल चष्म्याची बाई हात जोडत होती.

मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. म्हटलं, आता याला दोन शब्द सुनवायची सोय झाली. मी म्हणाले, "आचाऱ्याला बोलवा."

तो आला. अ‍ॅप्रनला हात पुसत, उजवा खांदा जरा वर धरून.

"काकू, माफ करा. सूप परत करून देतो."

"परत कशाला? मुळात फाटलं कसं?"

"माझं लक्ष नव्हतं."

"मग लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नाही का घरात?" मी मुद्दाम म्हणाले. तुझं नाव त्याच्या तोंडून काढायचं होतं मला. "तुमच्या मिसेस असायच्या ना काउंटरवर? असं ऐकलं होतं."

त्याने परत एकदा अ‍ॅप्रनला हात पुसले. मग अगदी साधेपणाने, एखाद्याला बसथांबा दाखवावा तसं म्हणाला,

"ती माहेरी आहे."

मी म्हटलं, "काय?"

"माहेरी. आईकडे. सहा महिने झाले."

भिंगरे, तुला माहेर आहे तरी कुठे? ते तर त्याच्यासमोर डुगडुगत्या खुर्चीवर बसलं होतं, पुढ्यात फाटलेलं सूप घेऊन.

माझ्या कानात वाऱ्यासारखा आवाज भरला. रक्त काढताना पुष्कळ जण घेरी येऊन पडायचे, मी त्यांना खाली वाकायला लावायची. आज मीच गुडघ्यांवर डोकं टेकलं. "काकू, पाणी देऊ?" तो विचारत होता. मी उठले आणि बाहेर पडले. मी कोण ते सांगितलं नाही. सांगायची छाती झाली नाही.

घरी येऊन आधी तुझी खोली उघडली. वेड्यासारखी. जशी काही तू सहा महिने तिथेच असशील आणि मलाच कळलं नसेल.

तू कुठे आहेस?

आई

२१ फेब्रुवारी

हॉटेल उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. तो शटर वर करत होता. मला पाहून म्हणाला, "काकू, काल तुम्ही न सांगता..."

मी म्हणाले, "मी तिची आई."

शटर अर्ध्यावर राहिलं. त्याने आधी माझ्या मागे पाहिलं. रस्त्यावर. त्याला वाटलं, तू माझ्याबरोबर आली आहेस. तो चेहरा मला आयुष्यभर विसरता यायचा नाही. सहा महिन्यांनी उजळला आणि दोन सेकंदांत विझला.

"ती कशी आहे?" त्याने विचारलं.

"ती माझ्याकडे नाही. कधीच नव्हती."

तो शटरच्या खांबाला पाठ लावून खाली बसला, फरशीवरच. मीही बसले. येणारे-जाणारे बघत होते, बघोत.  मग त्याने फोन काढून तुझा निरोप दाखवला. चौदा ऑगस्ट, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. "आईकडे आहे. बरी आहे. फोन करू नकोस, मला वेळ हवा आहे." त्यानंतर तुझा नंबर बंद.

"मी एकदा तुमच्या इमारतीखाली आलो होतो," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. मग वाटलं, तिने वेळ मागितलाय. आणि तुमची भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडे आहे म्हणजे सुखरूप आहे, एवढ्यावर मी दिवस काढले."

आणि मी? तू त्याच्याकडे आहेस, म्हणजे दोन वेळ गिळत असशील, संसारात रमली असशील, आईची आठवण कशाला येईल, अशी रोज तुला शिव्या घालत दिवस काढले. तो समजला तू माझ्याकडे, मी समजले तू त्याच्याकडे. आमच्या दोघांच्या मध्ये एवढी जागा होती, की त्यात माझी मुलगी हरवली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

मी त्याच्यावर ओरडले. "असं काय केलंस तू तिला, की ती घर सोडून गेली?"

त्याने मान वर केली. "तुम्हाला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"काकू..." तो उठला. बाहेर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून मला आत नेलं, स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर बसवलं आणि सांगितलं.

पाचवा महिना होता म्हणे. नऊ ऑगस्टला सगळं संपलं. दहा तारखेला तो परत भट्टीपाशी उभा होता. "मला दुसरं काही करता येत नव्हतं. घरी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. काय बोलावं सुचेना, म्हणून मी इथे येऊन कांदे चिरायचो. ती म्हणाली, तुला काहीच वाटत नाही. मी त्यावरही गप्प बसलो."

 त्याला बोलायला मला तोंड कुठे होतं? पाच महिने माझ्या मुलीच्या पोटात बाळ होतं आणि मला पत्ता नव्हता. मी, जिने हजारो बायकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. चेहऱ्यावरून सांगायची मी, हिला दिवस गेलेत.

आई

२४ फेब्रुवारी

चार दिवस झाले, नीट झोप नाही.

पोलीस चौकीत जाऊन आलो, मी आणि तो. साहेबाने तक्रार लिहून घेतली. "सज्ञान बाई स्वतःहून गेली आहे, निरोप ठेवून गेली आहे," म्हणाला. मग त्याने विचारलं, "शेवटचं कुणी पाहिलं?" जावयाने सांगितलं, चौदा ऑगस्टला सकाळी, मी. साहेबाने लिहिलं.

मी गप्प बसले. ते खोटं होतं.

शेवटचं मी पाहिलं होतं तुला.

पहिल्या पत्रात लिहिलं ना, मी झोपले होते? झोपले नव्हते. डाळ निवडत होते. बेल वाजली तेव्हा दाराच्या भिंगातून पाहिलं. तू उभी होतीस. खांद्याला निळी पिशवी, केस न विंचरलेले. भिंगातून सगळे वाकडेच दिसतात, म्हणून तुझा चेहरा तसा दिसतोय असं मी मनाला सांगितलं. मला वाटलं, आली. तीन वर्षांनी अक्कल ठिकाणावर आली, भांडून आली. आता लगेच दार उघडलं तर मीच वाट पाहत बसले होते असं व्हायचं. म्हटलं, वाजवू दे अजून एकदा. दोनदा वाजव, तीनदा वाजव, "आई" म्हणून हाक मार, मग उघडते.

तू एकदाच वाजवलीस.

कडीवर माझा हात होता, भिंगरे. हात कडीवर ठेवून मी उभी होते. तू जिना उतरलीस ते मी ऐकलं. तरी मला वाटलं, कोपऱ्यावरून परत येईल. संध्याकाळी भात जास्तीचा लावला होता.

आणि त्याच संध्याकाळी तू त्याला कळवलंस, "आईकडे आहे." सहा वाजून दहा मिनिटांनी. आईने दार उघडलं नाही, हे लिहिलं नाहीस. त्याच्यासमोर माझी अब्रू झाकलीस. त्याने तो निरोप दाखवला तेव्हाच मला हे कळलं, पण मागच्या पत्रात लिहायची हिंमत झाली नाही.

आज मी जुन्या हॉस्पिटलात गेले. माझ्या जागेवर जी आहे, तिला मीच सुई धरायला शिकवलं. "बेवारस म्हणून आलेल्यांची वही दाखव," म्हटलं. तिला वाटलं, कुणा ओळखीच्यांसाठी विचारतेय. चौदा ऑगस्टपासून एकेक पान उलटलं. "वय अंदाजे तीस, स्त्री" असं तीन ठिकाणी होतं. तिन्ही वेळा मी खालची ओळ हाताने झाकून घेतली आणि मग हात हळूहळू बाजूला केला. एकीची उंची जास्त होती. एकीच्या हातावर गोंदण होतं. तिसरीला नंतर घरचे घेऊन गेले होते.

जावई बाहेर बाकावर बसला होता. मी मान हलवून "नाही" म्हटलं तेव्हा तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला शिवले.

त्याला दाराचंही सांगितलं. तिथेच, बाकावर. मला वाटलं तो उठून जाईल. तो नुसता म्हणाला, "तुम्ही दाराआड उभ्या होतात, मी भट्टीआड." आणि चहा आणायला गेला.

आई

२ मार्च

तू जिवंत आहेस!

देवा, तू जिवंत आहेस आणि तुझी जीभ अजून तशीच आहे.

नीट सांगते. गेला आठवडाभर मी रोज हॉटेलात जाते. घरी बसवत नाही. लाल चष्म्याची बाई, ती ऑक्टोबरपासून आहे, मला कांदे सोलायला देते. बोलता बोलता ती म्हणाली, इंटरनेटवर लोकांनी हॉटेलबद्दल लिहिलेलं साहेब कधी वाचत नाहीत, त्रास होतो म्हणतात. मी म्हटलं, मला दाखव. माझं आयुष्य लोकांचे रिपोर्ट वाचण्यात गेलं. दुसऱ्याचा रिपोर्ट वाचायला कसला त्रास?

दोनशे अकरा होते. सगळे वाचले. काय एकेक नग असतात! "वांग्याचा थर अप्रतिम, खुर्ची धोकादायक." "मधात बुडवलेला बकलावा खाल्ला, नवऱ्याशी भांडण मिटलं." "बकलावा खाल्ला, दात पडला." "द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून देतात, पान काढायचं की खायचं हे कुणी सांगत नाही." ऑगस्टच्या आधी सगळी स्तुती, नंतर एक दिवस स्वर्ग, एक दिवस नरक. माणसाचं काय बिनसलंय ते तारखांवरून कळत होतं, तापाच्या तक्त्यासारखं.

आणि मग नऊ डिसेंबर. नावाच्या जागी नुसतं "एक ग्राहक". मी शब्दन् शब्द उतरवून घेतलाय:

"लिंबाचं सूप पार्सल मागवलं होतं. फाटलं. फेटलेल्या अंड्यात गरम रस्सा चमच्या-चमच्याने घालायचा असतो, भसकन ओतायचा नसतो, आणि हे आचाऱ्याला चांगलं माहीत आहे. त्याचा उजवा खांदा दुखत असणार, म्हणून ढवळताना हात थांबतोय. रोज दहा मिनिटं गरम शेक द्यावा आणि जड टोप डाव्या हाताने उचलावा. वांगी मात्र उत्तम. तीन तारे."

मी मोठ्याने वाचलं. आत टोप पडल्याचा आवाज आला.

तो धावत बाहेर आला. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"खांद्याचं कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "जहाजावर असताना पडलो होतो. फक्त तिला. तीच रोज..." त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला. जिला मी फिजिओथेरपीच्या शिक्षणाला घातलं आणि जिने ती टाकून काउंटर सांभाळलं म्हणून मी तीन वर्षं जळफळले, तिने इंटरनेटवर नवऱ्याला व्यायाम लिहून दिला होता. आणि त्याने तो वाचलाच नव्हता!

लाल चष्म्याने पार्सलच्या चिठ्ठ्यांचा खोका उपडा केला. जमिनीवर बसून आम्ही तिघं शोधत होतो. नऊ डिसेंबरला सूप एकाच ठिकाणी गेलं होतं. सहा सूप. नदीपलीकडचा वृद्धाश्रम. मग नऊ नोव्हेंबर, नऊ जानेवारी, नऊ फेब्रुवारी. सहा सूप, सहा सूप, सहा सूप.

"तिथले मॅनेजर फोन करतात," लाल चष्मा म्हणाला. "म्हणतात, आमच्या फिजिओबाई देतात सगळ्यांना, महिन्यातून एकदा."

नऊ तारीख. जावयाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. नऊ ऑगस्ट दोघांनाही आठवला.

तो लगेच निघाला होता, अ‍ॅप्रनसकट. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, थांब. ती वेळ मागून गेली आहे. एकदम दोघं जाऊन उभे राहिलो तर ती मागच्या दाराने जाईल. नऊ तारखेला ऑर्डर येईल. तू सूप कर. मी पोचवते.

"आणि फाटलं तर?"

"फाटलं तर तुझं तू बघ," मी म्हणाले.

आई

१० मार्च

भिंगरे,

काल काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहिते. तुला दिसलं त्यात माझी बाजू नाही.

त्याने सकाळपासून तीनदा सूप केलं. पहिलं आंबट, दुसरं त्याने तोंड वाकडं करून ओतून दिलं, तिसऱ्याला डाव्या हाताने ढवळलं. मी डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. त्याला पुलाच्या अलीकडे थांबायला सांगितलं आणि तो खरंच थांबला, एका टपरीपाशी.

वृद्धाश्रमातली तुझी व्यायामाची खोली लांबलचक, भिंतीला धरून चालायचे दांडे. तू एका आजोबांचा गुडघा दाबत होतीस. पाठमोरी. तुझी मान किती बारीक झालीय गं. "इथे ठेवा," म्हणालीस, मागे न बघता.  मी तशीच डबा धरून उभी. मग तू वळलीस.

मी इतक्या गोष्टी ठरवल्या होत्या. तू किंचाळशील, हाकलशील, रडशील. तू डब्याकडे पाहिलंस, माझ्या केसांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तू डिलिव्हरी करतेस?"

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. आजोबा म्हणाले, "बाई, गुडघा सोडा, मला काही घाई नाही, पण दुखतोय."

व्हरांड्यात मी एका दमात बोलून टाकलं. "त्या दिवशी मी झोपलेली नव्हते. दाराआड होते. कडीवर हात होता."

"माहीत आहे," तू म्हणालीस.

"काय माहीत आहे?"

"दाराखालून तुझे पाय दिसत होते, आई."

आतापर्यंत जे जे कळलं, त्यात हे सगळ्यात मोठं होतं. मला वाटत होतं, तुला वाटलं असेल आई घरी नाही. सहा महिने तू हे घेऊन जगलीस, की आई दारापलीकडे उभी आहे आणि उघडत नाही. आणि तरीही त्याला लिहिलंस, आईकडे आहे. "मग हाक का नाही मारलीस?" असं माझ्या तोंडून गेलं. किती निलाजरी मी. तू शांतपणे म्हणालीस, "हाक मारून उघडलं नसतंस तर?"

  मी क्षमा मागितली नाही, कारण शब्द लहान पडत होता. आता इथे मागते. कागदावर निदान तो खोडला जाणार नाही.

सूपाचं सांगायचं तर, त्या सहा जणांचं काही एकमत झालं नाही. एक आजी म्हणाल्या फार आंबट. गुडघेवाल्या आजोबांनी दुसरा वाडगा मागितला. एकांनी विचारलं, यात अंडं आहे का, आणि आहे म्हटल्यावर चमचा खाली ठेवला आणि जरा वेळाने परत उचलला. तू उभ्या उभ्या एक चमचा घेतलास आणि खिडकीकडे गेलीस.  मग म्हणालीस, "डाव्या हाताने ढवळलंय."

"पुलापलीकडे उभा आहे," मी सांगितलं.

"आज नको." आणि चमचा डब्यावर ठेवत, "मंगळवारी हॉटेल बंद असतं ना? ये म्हणावं. खांदा बघते. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही," मीही म्हटलं. त्याला तसंच सांगितलं. तो टपरीवरच्या माणसाला विनाकारण तीनदा "थँक्यू" म्हणाला.

तू घरी येणार नाहीस, हे तू मला स्वच्छ सांगितलंस. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे नाही, इतक्यात नाही. तुझी खोली आहे, तुझी सहा म्हातारी माणसं आहेत, तुझा पगार आहे. मी ऐकलं. मी हट्ट करणार नाही. केला तर हे पत्र मला दाखव.

एकच राहिलं. फाटकापाशी मी विचारलं, "नाव ठेवलं होतंत का?" तू आधी नाही म्हणालीस. रिक्षा आली, मी एक पाय आत ठेवला, तेव्हा तू मागून येऊन माझ्या कानात सांगितलंस. मुलगी होती, हेही मला तेव्हाच कळलं. तू वळून आत गेलीस, मी काही बोलायच्या आत.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तू दिलंस तसंच राहू दे.

पुलावर रिक्षा सोडली आणि त्याच्याबरोबर थोडं चालून मग एकटीच बस धरली. खिडकीशी जागा मिळाली. जिभेला सवय व्हावी म्हणून मी ते नाव एकदा हळू म्हणून पाहिलं. मग एकदा जरा मोठ्याने. शेजारच्या बाईने इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कुणाला हाक मारताय, आजी?"

मी म्हटलं, "नातीला."

आई